एका श्वासाला तीन थेंब

नाव आधी लिहून टाकतो, कारण नाव राहून जाईल अशी मला फार धास्ती आहे. गौरक्का. सिद्रामप्पा ड्रायव्हरची बायको, माहेर दुबलगुंडी, राहणार भीमेच्या काठावर, अफजलपूरपासून दोन कोसांवर, पंपघराच्या वरच्या टेकाडावर. माझी नोकरी तिनं वाचवली. कशी वाचवली ते मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. हकीकत पुढं येईलच; पण उपकार आधी आणि हकीकत मागून. नाहीतर हकीकत सांगता सांगता माणूस आपलीच बाजू मांडत बसतो, आणि मी तर बसेनच.

आज मी इकडं खानदेशात एका गावच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवतो. घर इतकं लांब की पत्राचं उत्तर येईपर्यंत विचारलेलं काय होतं ते विसरायला होतं. जेवताना मध्येच हात धुऊन उठतो, पंपाजवळ जाऊन येतो, पुन्हा ताटावर बसतो. बायको म्हणते, "पंप काय पळून चाललाय का?" मी डोळे मिटून श्वास घेतो आणि मोजतो. ही सवय गौरक्काची.

आमचं घर खटकचिंचोळीचं. वडील मोट हाकायचे. मोटेच्या चामड्याला सुईएवढं भोक पडलं तरी त्यांना चैन पडायचं नाही, दाभण घेऊन तिथंच धावेवर बसायचे. "गळकी मोट आळशाची," म्हणायचे. भालकीच्या शाळेत सहावीपर्यंत गेलो. घरी मराठी, शाळेत सगळं उर्दूत. एक दिवस वडील विहिरीवरून पडले आणि शाळा तिथंच थांबली. मग कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेल घालणारा तेलवाला झालो, इंजिनाची भाषा थोडीफार कळायला लागली. एकविसाव्या वर्षी अफजलपूरच्या बाजूला एका जहागिरीच्या पंपावर ड्रायव्हर म्हणून गेलो. तोवर मी रात्रीच्या मुक्कामालासुद्धा परगावी राहिलो नव्हतो. घरी माझ्या पगारावर सहा तोंडं. निघताना आई एवढंच म्हणाली, "कुणाशी भांडू नको, आणि काही मोडू नको."

ते ‘मोडू नको’ माझ्या डोक्यात घण घालावा तसं बसलेलं.

पंप भीमेच्या काठाला खाली, दगडी खोलीत. शेजारी ऑईल इंजिन, इंजिनावरून पंपावर चामड्याचा पट्टा. पट्ट्यानं पंपाचा लोखंडी दांडा फिरायचा, दांड्याच्या टोकाला पंपाच्या पोटात पंखा, आणि त्या पंख्यानं नदीचं पाणी वर कालव्यात फेकलं जायचं. काठच्या साऱ्या शेतकऱ्यांचा ऊस त्या पाण्यावर, पाळीपाळीनं. आता दांडा बाहेरून पंपाच्या पोटात शिरतो म्हटल्यावर तिथं भोक आलंच. आत पाणी दाबानं भरलेलं, ते त्या भोकातून बाहेर यायला बघणार. म्हणून तिथं दांड्याभोवती एक गोल पेटी असते. तिच्यात दोरीची कडी एकामागं एक बसवायची आणि वरून पितळी टोपण दोन नटांनी दाबायचं. फिरत्या दांड्याला पाण्याविरुद्ध धरून ठेवायची एवढीच ती युक्ती: दोरी आणि दोन नट.

पहिल्या सकाळी मी आत गेलो तर त्या टोपणाखालून पाणी टिपकत होतं. टप, टप, टप. खाली थारोळं. मला वडिलांची मोट आठवली. पहिल्याच दिवशी गळकं काम माझ्या नावावर! मी पान्हा काढून नटाला लावला.

"कामून आवळायलास रे?"

दारात एक बाई उभी. पन्नाशीच्या पुढची, सडसडीत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कमरेला सुताची गुंडी खोचलेली आणि हातात अर्धी वळलेली दोरी. बोलताना तिचे हात थांबले नाहीत, दोरी वळतच होते.

"गळायलंय की," मी म्हणालो.

"गळायलाच पायजे. श्वास घे."

"आं?"

"श्वास घे म्हणलं. हां. आता सोड. किती पडले?"

"एक... एकच पडला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि हसली. "तम्मा, तू तर पळून आलेल्या वासरावानी धापा टाकायलास. तुझ्या श्वासानं मोजलं तर नट सैल करत जाशील आन पंपघर बुडवशील. माझ्या श्वासानं मोज." तिनं सावकाश श्वास घेतला, सोडला. "किती?"

"तीन."

"मग झालं तर. एका श्वासाला तीन. चार पडले तर नट केसभर आवळ. दोन पडले तर केसभर सोड. एकही पडला न्हाई, तर इंजिन बंद कर आन मला हाक मार."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तिनं मला दुसरं नाव कधी लावलंच नाही.

सिद्रामप्पा हा पंप बसला तेव्हापासूनचा ड्रायव्हर. लढाईच्या दिवसांत मुंबईची पेटीची दोरी येईनाशी झाली, तेव्हा तो हवालदिल होऊन घरी बसला, आणि गौरक्कानं जनावरांची दावी वळता वळता विचारलं, "तुझ्या पेटीला असलंच कायतरी लागतंय न्हवं?" तिथून सुरू झालं. सुताचे आठ पदर घेऊन चौकोनी वेणी घालायची. गोल दोरी तिला चालत नसे; म्हणायची, गोल दोरी पेटीच्या कडेला जागा सोडते, पाणी त्या जागेतून वाट काढतं. पुढं सिद्रामप्पा तापानं गेला. नवे ड्रायव्हर आले, टिकले नाहीत. मी तिसरा. गौरक्काचं नाव पंपाच्या कुठल्या कागदावर नव्हतं. टेकाडावरच्या खोपटात राहायची, दोरी वळून द्यायची, धान्य मिळायचं. पण इंजिनाचा आवाज बदलला की ड्रायव्हरच्या आधी ती पंपघरात पोचलेली असायची.

दोरीची कडी कापून पेटीत बसवायची तर प्रत्येक कड्याला एक सांधा येतो. सगळे सांधे एका ओळीत आले तर पाणी सरळ त्या वाटेनं येणार. म्हणून सांधे फिरवून बसवायचे. गौरक्का ते गावांच्या नावानं सांगायची. "पहिला सांधा गाणगापूरकडं. दुसरा सोलापूरकडं. तिसरा अफजलपुराकडं तोंड करून. चौथा नदीकडं. पाचवा परत गाणगापूरकडं. आता पाणी गावोगाव हिंडून थकंल, मग बाहीर येईल." अजून मी पेटी भरताना तीच गावं म्हणतो. इकडचे खानदेशी मदतनीस विचारतात, हे काय पुटपुटता? मी म्हणतो, मंतर आहे.

एकदा मुंबईहून तयार दोरीचा डबा आला. आम्ही झाकण काढलं तर चरबीचा वास. गौरक्कानं काठीनं डबा उंबऱ्याबाहेर ढकलला. "ह्याला मी शिवणार न्हाई. आन माझ्या धन्याच्या पंपाला पण लावणार न्हाई." मुन्शी व्यंकटराव तिथंच होते. जहागिरीचा कारभार ते बघायचे. घरी मराठी, कागदावर उर्दू आणि रागात दखनी अशी त्यांची विभागणी होती. त्या दिवशी राग कमी आणि मौज जास्त होती. "सुनो ड्रायवर," ते म्हणाले, "ये पंप लिंगायत है. गोश्त नै खाता!" गौरक्काही हसली. पण डबा बाहेरच राहिला. ती एरंडेलात मेण विरघळवायची, त्यात शिसपेन्सिलीतल्या शिशाची काळी पूड कालवायची आणि दोरी त्यात दोन दिवस भिजत ठेवायची. मग ती दोरी अशी मऊ, काळी आणि गुळगुळीत व्हायची की हातात घ्यावीशी वाटावी.

त्यावर मी एकदा शहाणपणा केला. एरंडेल संपलं होतं, आणि घरून मी जवसाचं तेल आणलं होतं. आमच्याकडं घरोघर जवस. तेल ते तेल, असं म्हणून मी दोरी त्यात भिजवून पेटीत बसवली. गौरक्काला सांगितलं नाही. मला वाटलं, बघून खूश होईल. चार-पाच दिवसांत थेंब कमी जास्त, कमी जास्त, नटाला दादच देईनात. तिनं पेटी खोलायला लावली. आतलं कडं बाहेर काढून तिनं ते दगडावर आपटलं. टण्! जवसाचं तेल वाळून त्याची लाख झालेली.

"काय घातलास?"

"जवस."

"अय्यो! दाराला रंग द्यायलास का पंप चालवायलास?" तिनं ते कडं माझ्या टाळक्यावर हलकेच वाजवलं. "हे एवढं टणक फिरत्या दांड्याला आठवडाभर लागलं असतं तर दांडा सोलून निघाला असता. दोरी दांड्यापेक्षा मऊच पायजे. झिजायचं तर तिनं झिजायचं. ती उद्या दुसरी वळता येते. दांडा कोण वळणार, तू?"

मी रडवेला झालो होतो. तिच्या ते लक्षात आलं. मग कितीतरी दिवस ती मला जेवायला वाढताना विचारायची, "चटणी जवसाची हाय, तम्मा. चालंल न्हवं? टणक व्हायचास."

फाल्गुन लागला की भीमा आटायला लागते आणि पाण्याबरोबर वाळू येते. बारीक, दिसायचीसुद्धा नाही. ती दोरीत शिरली की दोरीची कानस होते. गौरक्का रोज सकाळी नदीच्या पाण्यात बोट बुडवून ते पुढच्या दातांवर घासायची. "दाताला लागली. म्हणजे दांड्याला लागणार." त्या दिवसापासून पिंप सुरू. टेकाडावर तिच्या खोपटाशेजारी एक लाकडी पिंप होतं, त्यातून बारीक नळी थेट खाली पेटीत. पेटीच्या मध्यावर, दोरीच्या कड्यांच्या मधोमध, एक भोकाभोकांचं पितळी कडं. ही करामत सिद्रामप्पाची. वरून स्वच्छ पाणी जोरानं खाली येऊन त्या कड्यातून दोन्ही अंगांना पसरायचं. नदीच्या पाण्यानं घुसायच्या आधी आपलं पाणी तिथं बसलेलं असायचं. बाहेर टिपकायचं तेही पिंपातलंच, स्वच्छ. वाळूला आत यायला जागाच नाही.

पण ते पिंप भरायचं कुणी? गौरक्का. विहिरीवरून वीस-बावीस घागरी, रोज, जुन्या पातळाची चौपदरी घडी पिंपाच्या तोंडाला बांधून, त्यातून गाळून. आधी एक तांब्या लिंगपूजेला काढून ठेवायची, मग पिंपात ओतायची. एका दुपारी कुणाचीशी म्हैस पिंपाला अंग घासत होती. गौरक्का टेकाडावरून ओरडली, "ए, म्हशीवाल्या! म्हशीला खरूज झाली असंल तर माझ्या पिंपाला कामून लावतोस?" म्हशीवाला म्हणाला, "अक्का, पाणीच हाय की!" ती म्हणाली, "ते पाणी न्हवं रे. ते तुझ्या उसाचं औषध हाय." म्हशीवाल्याला काही कळलं नाही. मला तेव्हा थोडंसं कळलं होतं. पुरतं कळायला मला दांडा जाळावा लागला.

चैत्रातली गोष्ट. जहागीरदारांचे धाकटे भाऊ हैदराबादेहून पाहुणे घेऊन येणार होते. मुन्शींनी पंपघर चुन्यानं रंगवून घेतलं, जमिनीवर पांढरी चादर अंथरली. बाजारचा दिवस होता. मेण आणि एरंडेल आणायला गौरक्का सकाळीच अफजलपूरला निघाली. गाडीत चढताना म्हणाली, "तम्मा, नटाला हात लावू नको. कोण काय बी म्हणू दे."

"न्हाई लावत."

"माझ्या श्वासानं मोज."

पाहुणे यायच्या घटकाभर आधी मुन्शी आत आले. टोपणाखालचे थेंब चादरीच्या कडेवर पडत होते, कड भिजली होती.

"ये क्या टपक रा?"

"ते पडायलाच लागतंय, मुन्शीजी. त्यानं दांडा थंड—"

"साहेब के जूते भीगे तो तू थंडा हो जाता, समझा? बंद कर." मग मराठीत, जरा खालच्या आवाजात, आणि तो आवाज माझ्यासारखाच घाबरलेला होता: "दत्तू, अरे दोन तासांचा प्रश्न आहे. माझी पण अब्रू आहे ना."

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांनी काही माझा हात धरून नट फिरवला नव्हता. पण माझ्या डोक्यात आईचं वाक्य, वडिलांची गळकी मोट, सहा तोंडं, सगळं एकदम उठलं. खरं सांगायचं तर थेंब थांबावेत असं मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं. मी दोन्ही नट आवळले. एक आटा, दीड आटा. शेवटचा थेंब टोपणाच्या ओठावर लोंबकळला आणि पडला नाही.

किती बरं वाटलं!

पाहुणे आले. कोरडी जमीन, पांढरी चादर, पंप गरगरतोय. धाकट्या साहेबांनी मान हलवली, मुन्शींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मंडळी बंगल्यावर जेवायला गेली. मी नट पुन्हा सैल करायला वळलो तर आधी वास आला, कापड जळाल्याचा. मग टोपणाखालून निळा धूर. नटाला हात लावला तर चटका बसला. पट्टा किंचाळला, सटकला आणि भिंतीवर जाऊन आदळला. इंजिन मोकळंच भरारा फिरायला लागलं. मी धावत जाऊन ते बंद केलं.

पेटी खोलली. दोरीचा कोळसा झालेला. दांड्यावर गोल चरे, नख अडकेल एवढे खोल.

कालव्याचं पाणी थांबलं तसे शेतकरी गोळा झाले. चैत्रातला ऊस, पाळी ज्याची होती तो तर डोक्याला हात लावून बसला. नवा दांडा मुंबईहून यायचा म्हणजे दोन महिने. ऊस दहा दिवस तग धरणार नाही. बंगल्यावरून धाकटे साहेब अर्ध्या जेवणावरून उठून आले. त्यांनी जळकी दोरी बुटाच्या टोकानं उलटी केली आणि नट कुणी आवळले एवढंच विचारलं: "किसने कसा?"

मी उभा. मुन्शी उभे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो. मला त्यांचं गुपित माहीत, त्यांना माझं.

तेवढ्यात बाजाराची गाडी टेकाडापाशी थांबली. गौरक्का उतरली ती सरळ खाली आली. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती; इंजिन बंद आहे हे तिला अर्ध्या कोसावरच कळलं असणार. ती दारात आली, दांड्याकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, "किसने कसा, पूछा मैं."

"मी," गौरक्का म्हणाली. "सकाळी बाजाराला जाताना मी आवळून गेले. पावना येणार म्हणून."

मुन्शींनी मान खाली घातली. मी पण घातली.

शेतकऱ्यांत कुजबूज उठली आणि तिची गलबल झाली. "बाईमाणसाला यंत्राला हात लावू द्यायलेत म्हणल्यावर दुसरं काय व्हणार?" साहेबांनी हुकूम केला: आजपासून ही बाई पंपघरात पाऊल टाकणार नाही. मुन्शींनी तो तिथंच लिहून घेतला. माझी नजर जमिनीवरच होती.

सगळे गेल्यावर मी टेकाडावर गेलो. ती मेण चुलीवर ठेवत होती.

"अक्का, मी सांगतो जाऊन. आत्ताच सांगतो."

"काय सांगतोस? तुझं नाव रजिस्टरात हाय. ते कापतील. माझं नाव कुठं हाय, कापायला?" ती मेण ढवळत राहिली. "बस तिथं. धापा टाकू नको. दांड्याला चरे किती हायत?"

"पाच."

"दोरीची कडी पाच, म्हणून चरे पाच. मधली जागा गुळगुळीत हाय न्हवं?"

"हाय."

"मग दोरी सरकव. अर्धं बोट."

मला आधी कळलं नाही. तिनं राखेत काडीनं काढून दाखवलं. पेटीच्या तळाशी अर्ध्या बोटाचं लाकडी कडं घालायचं. सगळी दोरी तेवढी पुढं सरकेल आणि तिचं पोट चऱ्यांवर न येता मधल्या चांगल्या जागेवर येईल. दांडा तोच, जागा नवी. पण दांडा काढता येत नाही, म्हणून कडं दोन अर्ध्यांचं करायचं. उसाच्या घाण्याच्या सुतारानं जुन्या बाभळीचं ते कडं करून दिलं. गौरक्कानं ते दिवसभर एरंडेलात उकळलं, म्हणजे पाणी पिऊन फुगायला नको. दांड्यावरच्या चऱ्यांच्या कडा मी कानसून, वाळूच्या कागदानं घासून मोडल्या.

आणि ती पंपघरात आली नाही. हुकूम होता तो तिनं अक्षरशः पाळला. खिडकीबाहेर उभी राहून गजांना धरून सांगायची. "गाणगापूर झालं? आता सोलापूर. दाबून बसव, पण नट हातानंच फिरव, पान्हा नको." तिनं हजार वेळा केलेलं काम मी तिच्यासमोर चाचपडत करत होतो, आणि तिची बोटं गजांवर आपोआप हलत होती. चौथ्या दिवशी इंजिन सुरू केलं. दांडा फिरला. टोपणाखाली काही नाही. काही नाही. मग एक थेंब. माझा श्वास वर अडकलेला. खिडकीतून तिचा श्वास ऐकू आला, सावकाश.

"तीन," ती म्हणाली, आणि टेकाडावर निघून गेली.

दोन वावरं वाळली. बाकीचा ऊस जगला. पण काठच्या लोकांत बोलणं पडलं ते पडलंच: गौरक्कानं दांडा जाळला, आणि ड्रायव्हरनं लाकडाचं कडं घालून ऊस वाचवला. दोन्ही उलटं. लोक मला गुळाची ढेप आणून द्यायचे. मी ती नेऊन तिच्या खोपटात ठेवायचो. ती म्हणायची, "अरे, तुझी हाय, तू खा," आणि अर्धी ठेवून घ्यायची. मी दोनदा मुन्शींपर्यंत गेलो. एकदा ते म्हणाले, "झालं ते झालं, दत्तू, आता उकरून काय?" दुसऱ्यांदा मीच दारातून परत फिरलो.

पंपघराच्या भिंतीतून एक मोरी बाहेर निघायची. टिपकलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडून काठावर जिरायचं. गौरक्का मोरीच्या तोंडाशी दगड टाकून बसायला लागली. दोरी वळत बसायची, आणि मोरीतून येणारी धार बघायची. तिथं बसू नये असा हुकूम कुणी काढला नव्हता. मी दारातून डोकावलो की ती मान वर न करता बोटं दाखवायची. तीन बोटं असली की ठीक. चार असली की मी केसभर आवळायचो. बाहेर बसून तीच पंप चालवत होती, मी फक्त तिचा हात.

पुढं हैदराबाद संस्थानातलं ते धामधुमीचं साल आलं. कोण कुणाच्या गावात शिरेल ते सांगता येईना. काठची गावं बिऱ्हाडं उचलून नदीपलीकडं सोलापूरच्या बाजूला जायला लागली. मुन्शी एके सकाळी दिसलेच नाहीत. घरून निरोप आला की आई आणि भावंडं निघाली, तूही पलीकडं ये. मी गौरक्काला म्हणालो, "अक्का, तू पण चल."

"मी गेले तर मोरी कोण बघणार?"

"पंपच बंद ठेवू की."

"खालच्या गावांच्या विहिरी आटल्यात. कालव्याचंच पाणी प्यायलेत लोक." तिनं तिच्याकडं इंजिन शिकायला येणाऱ्या म्हशीवाल्याच्या लेकाकडं बोट दाखवलं. "हा चालवंल. त्याला जवस देऊन जाऊ नको म्हणजे झालं."

मी तिच्या पायाला हात लावला. म्हणालो, "जायच्या आधी मी लोकांना खरं सांगतो."

"आत्ता?" ती हसली. "आत्ता ऐकायला कोण हाय तम्मा? जो तो गाडी जुंपायलाय. नीट दिवस आले की ये. मग सांग."

नदीला गुडघाभर पाणी होतं. मी गाठोडं डोक्यावर घेऊन मध्यापर्यंत गेलो आणि मागं वळलो. पंप चालू होता. गौरक्का मोरीपाशी दगडावर बसलेली, मांडीवर सुताची गुंडी, हात चालू. माझ्याकडं बघत नव्हती, धारेकडं बघत होती. मी तिथंच थांबलो. मागचे लोक ओरडत होते, "चल की रे, कामून थांबलास!" तिनं मान वर केली नाही. फक्त हात वर केला आणि बोटं दाखवली. तीन.

गेल्या महिन्यात इथल्या बाजारात अफजलपूरचा एक माणूस भेटला. पंप चालू आहे का, मी विचारलं. म्हणाला, "चालू हाय की. एक म्हातारी मोरीवर बसलेली असती, तिनंच मागं दांडा जाळला म्हणत्यात." मी त्याला तिथंच सांगितलं, दांडा मी जाळला. त्याला काय त्याचं? तो मिरच्यांचा भाव विचारत पुढं गेला. बाजारात उभा राहून मला कळलं की हे परमुलखात एकट्यादुकट्याला सांगून भागायचं नाही. जिथं मान खाली घातली तिथंच ती वर करावी लागणार.

म्हणून हे लिहून ठेवतो. गौरक्का, मी येणार आहे. पाण्याच्या पाळीच्या दिवशी येईन, सगळे शेतकरी काठावर जमलेले असतील तेव्हा. पंपघराच्या उंबऱ्यावर उभा राहून मोठ्यानं सांगेन की पान्हा माझ्या हातात होता आणि ऊस तू वाचवलास. मग तुझा हात धरून तुला आत नेईन, पेटीपाशी. नट तू फिरवायचा. मी मोजेन, तुझ्या श्वासानं.